ब्रेक पेटला? कारण असं शोधा

कुंभार्ली घाट उतरून थांबलो, तर पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. बघता बघता व्हील कॅपच्या आड जाळ दिसला. गॅरेजमध्ये नवे ब्रेक पॅड (चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारे तुकडे) टाकून मिळाले आणि तीन आठवड्यांत तेच चाक पुन्हा तापलं. पॅड कशामुळे जळाले, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आधी जिवाचं बघा. सगळ्यांना उतरवून लांब न्या. जाळ असेल तर आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलिंडर मारा. नुसता धूर असेल तर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती) तडकते. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि थंड चाकांना दगड लावा. तापलेला टायर फुटू शकतो, म्हणून त्याच्या बाजूला उभं राहू नका. त्यानंतर गाडी टो करूनच न्या. काही खोलण्याआधी फोटो काढा, विम्यालाही लागतात.

आता, तापलं कोणतं चाक? धोका टळल्यावर, हात न टेकवता चारही चाकांजवळ धरून बघा. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पुढची दोन्ही चाकं सारखीच तापतात. एकच पेटलं असेल तर घाटाला दोष देऊ नका, बिघाड बहुतेक त्या चाकातच असतो. मागची दोन्ही तापली असतील तर बहुतेक हँडब्रेकची केबल अडकलेली असते. चारही तापली असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) किंवा पेडल मोकळं सुटत नाही. आणि पेडल स्पंजासारखं लागत असेल तर बहुतेक ब्रेक ऑइल उकळलंय. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओल शोषून जुनं झालेलं १४०च्या आसपासही उकळतं.

एकाच चाकाचा दोष असेल तर खरी परीक्षा ब्लीडर निपलची, म्हणजे चाकाच्या ब्रेकमधलं ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूची. गाडी पूर्ण थंड झाल्यावर जॅक लावा, खाली स्टँड द्या, न्यूट्रल करा. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी दहा-बारा वेळा ब्रेक दाबून सोडायला सांगा. मग चाक हाताने फिरवा. जाम असेल तर निपलला नळी लावून ती बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा सैल करा.

ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता. निपल आवळा, पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम करा आणि आता होसच्या (चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या) अलीकडचा, लोखंडी पाइपाचा जोड सैल करा. तरीही चाक सुटलं नाही तर होस गेला. सुटलं तर मास्टर सिलिंडर बघा. माझा होस बाहेरून अगदी धडधाकट होता. उभा चिरला तेव्हा आतलं रबर फुगून एक पापुद्रा सुटलेला दिसला. ऑइल आत जात होतं, परत येत नव्हतं.

निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोला. तो ज्यांवर सरकतो त्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत. पॅड तिरपा झिजला असेल तर बहुतेक एक पिन अडकलेली असते. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचं रबर फाटलं की पावसाळ्यात पाणी शिरून गंज धरतो. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ओले आहेत का आणि स्प्रिंग तुटली आहे का, ते बघा. चाक वर-खाली हलवल्यावर खडखडलं तर बेअरिंगही तपासा.

कारण सापडल्यावर निळी पडलेली किंवा तडकलेली डिस्क, दोन्ही बाजूंचे पॅड आणि सगळं ऑइल बदला. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर वितळली नाही ना, तेही बघा. मग सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालवून पुन्हा चारही चाकांजवळ हात धरा.