जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर: फोडण्याआधी आणि फोडल्यावर

मुंबई-पुण्यातल्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकघराचं काम अडतं ते भिंतीच्या आत. टाइल निघाली की गंजलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, अर्थिंगच नसलेली वायर आणि ओट्याखालचा सांडपाण्याचा बिडाचा ट्रॅप अशी मंडळी एकेक करून बाहेर येतात. त्यामुळे बजेटचे 15 ते 20 टक्के आधीच बाजूला काढा. लॅमिनेटचे नमुने नंतर बघता येतील.

80-90 चौरस फुटांच्या स्वयंपाकघराला सलग काम झालं तर चार-पाच आठवडे लागतात. पावसाळा टाळा, कारण प्लास्टर वाळत नाही आणि प्लाय ओल धरतो. होळी, गणपती, दिवाळी आणि छठ या सणांना कारागीर गावी जातात. त्या आधीच्या पंधरवड्यात तोडफोड सुरू करू नका. ओटा फोडलेला आणि गवंडी गावाला, अशी पाळी येते.

सोसायटीला लेखी अर्ज द्या. अनामत रक्कम, कामाच्या वेळा, डेब्रिजच्या गोण्या कुठे ठेवायच्या आणि लिफ्ट वापरायची की नाही, हे लेखीच घ्या. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढून त्यांनाही पाठवा. तिथला जुना ओलावा नंतर तुमच्या नावावर लागतो, तो असा टळतो. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. भिंत पाडायची असेल तर ती भारवाही आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, ठेकेदाराने नाही.

पाइप गॅस असेल तर लाइन हलवायचं काम गॅस कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या. त्याची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सर्वांत आधी.

तोडताना मोठा ब्रेकर साडेचार इंची विटांच्या भिंतीवर चालवू देऊ नका. पलीकडच्या खोलीचं प्लास्टर सुटतं. तिथे छिन्नी-हातोडाच बरा. अशा भिंतीत आडवी लांब खाच मारू नये आणि दोन्ही बाजूंनी एकाच जागी तर मुळीच नको.

नळाची लाइन अर्धी बदलणं हा खोटा काटकसरीपणा. जुन्या जीआयच्या आट्यांना नवा सांधा लावताना पान्याच्या जोराने आतला गंजका पाइपच पिळवटतो, आणि गळती महिन्याभराने दिसते. गच्चीवरच्या टाकीकडून येणाऱ्या उभ्या लाइनपासून तुमच्या घरातली सगळी लाइन सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिक पाइप) करा. त्या दिवशी त्या लाइनवरच्या सगळ्या घरांचं पाणी बंद राहील, तेव्हा आदल्या दिवशी सूचना लावा. सीपीव्हीसीला त्याचंच सॉल्व्हंट (सांधा चिकटवायचं द्रावण) वापरायचं. साध्या पीव्हीसीचं लावलं तर सांधा सुटतो. खाचा बुजवण्याआधी प्लंबरच्या हातपंपाने लाइनला पाण्याचं प्रेशर देऊन मीटरचा काटा उतरत नाही ना ते बघा. मग भिंतीवर टेप धरून प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पुढे चिमणीसाठी ड्रिल मारताना तो कामी येतो.

सिंक शक्यतो जुन्या जागीच ठेवा. हलवलंत तर सांडपाण्याच्या पाइपला दर मीटरला साधारण 2 सेंमी उतार लागतो, आणि तो मिळवायला फरशी उचलावी लागते. मोरीच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवा आणि वर 48 तास पाणी साठवून ठेवा. त्या दोन दिवसांत खालच्या घरात जाऊन छत बघून या.

विजेत जुना, तार बांधायचा किटकॅट फ्यूज दिसला तर बोर्डापासून नवी वायर ओढा. 2000 वॅटचा इंडक्शन एकटाच जवळपास 9 ॲम्पियर घेतो. इंडक्शन, ओव्हन आणि गीझरला 4 चौ. मिमीची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या, मिक्सर-फ्रिजला 2.5 चालते. 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा. मात्र अर्थिंग बोर्डापर्यंत खरोखर पोचलं आहे का, हे इलेक्ट्रिशियनला मीटर लावून दाखवायला सांगा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ओट्यावरून. गवंडी ओट्याखाली कडप्प्याच्या दगडाचे उभे पाय आपल्या अंदाजाने लावतो, मग त्यांच्यामध्ये सरकते खण (ट्रॉल्या) बसवणारा ट्रॉलीवाला येऊन म्हणतो, माप बसत नाही. त्यामुळे ट्रॉलीवाल्याला आधी बोलवा, त्याच्याकडून उभ्या कडप्प्यांमधली आतली मापं भिंतीवर खडूने लिहून घ्या आणि गवंड्याला तीच द्या. पाय ओळंब्यात नसतील तर ट्रॉली एका बाजूला घासते. मेण लावून ते सुधारत नाही. उंचीसाठी जो रोज स्वयंपाक करतो त्याचं कोपर बघा: त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा हवा. बहुतेकांना तो 32 ते 34 इंच येतो. ओट्याची भिंतीपासून पुढची रुंदी 24 ऐवजी 25 इंच घेतली तर सिंकच्या पुढे ग्रॅनाइटची पट्टी जाड राहते. सिंकच्या कटाचे कोपरे गोल काढायला सांगा. काटकोनातून तडा जातो.

टाइल्स मापापेक्षा 10 टक्के जास्त आणा, आणि एक बॉक्स माळ्यावर जपून ठेवा. तो शेड दोन वर्षांनी मिळत नाही. शेगडीमागे टाइलच्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरा, साधं तेलाने काळं पडतं. जुन्या फरशीवरच नवी चिकटवायची असेल तर आधी बघा, दार उघडतंय का.

महिनाभर जगायचं कसं? फ्रिज, एक इंडक्शन, एक कुकर, एक कढई, चार ताटं बाहेरच्या खोलीत. भांडी बाथरूममध्ये घासायची, खरकटं गाळून वेगळं टाकायचं, नाहीतर तिथला ट्रॅप तुंबतो. डाळ-तांदळाचे डबे कोरडे, बंद आणि दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघराच्या दारावर जाड प्लास्टिक वरून खालपर्यंत चिकटवा. टाइल कटरची धूळ पंख्यावरसुद्धा बसते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचे 10 टक्के नवा नळ, सिंक आणि ट्रॉल्या आठवडाभर रोजच्या वापरात चालल्यावर.