स्पितीला सायकलने जायचंय? सराव यवतेश्वरच्या घाटात करा

आमच्या साताऱ्यातून हिमाचलमधल्या स्पितीची तयारी करायची तर रोज पहाटे यवतेश्वरचा घाट, रविवारी थेट कास. पण रिकाम्या सायकलने नको. मी दोन्ही पिशव्यांत सहा-सहा किलो ज्वारी भरून चढायचो; उतारावर ओझ्याने हँडल कसं ओढतं, ते तिथेच कळलं.

मनालीहून थेट कुंझुम खिंडीला भिडू नका. सिमल्याहून किन्नौरमार्गे जा, उंची हळूहळू वाढते. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. डोकं ठणकलं, मळमळलं तर वर जाऊच नका. त्रास वाढला तर तडक खाली उतरा. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळीच ओलांडा, दुपारी ऊन तापलं की पाणी चढतं.

लोसर गावाच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकाची तार (स्पोक) तुटली, तीही गिअरच्या बाजूची. तिथली तार बदलायला आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, काढावी लागते. जादा तारा होत्या, कॅसेटचा पाना घरी राहिला होता. तो आधी भरा. सोबत शेंगदाण्याची चटणी घ्याच, भूक मेली तरी तीच घशाखाली उतरते.