सांगलीहून ‘मिस इंडिया’च्या ऑडिशनला जाताना

राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत उतरायचे ठरवल्यावर अर्ज भरण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी, ती म्हणजे त्या किताबाची विजेती पुढे कुठे जाते. फेमिना मिस इंडियाची विजेती मिस वर्ल्डला जाते, तर मिस युनिव्हर्स इंडियाची विजेती मिस युनिव्हर्सला. बाकी ‘इंडिया’ हा शब्द स्पर्धेच्या नावात कोणालाही घालता येतो. माझ्या भाचीला घेऊन मी अशाच एका ‘राष्ट्रीय’ निवडीला गेले होते. तिथे आलेल्या झाडून सगळ्या मुलींची निवड झाली आणि निवडपत्राला टाचलेला ग्रूमिंगच्या, म्हणजे चालण्या-बोलण्याच्या शिकवणीच्या, शुल्काचा कागद पाहून आम्ही घरी परतलो. नोंदणीचे पैसे अर्थातच गेले.

फेमिना मिस इंडियाची रचना २०१७ पासून राज्यवार झाली. त्या वर्षी ३० प्रतिनिधी अंतिम फेरीत होत्या, त्यांतून हरियाणाची मानुषी छिल्लर जिंकली आणि त्याच वर्षी मिस वर्ल्डही झाली. आपल्याकडील मुलीसाठी या रचनेचा अर्थ असा, की तिची पहिली चुरस इतर राज्यांशी नसून महाराष्ट्राच्या एकाच जागेसाठी मुंबई-पुण्याच्या मुलींशी असते. त्यामुळे दबून जाण्याचे मात्र कारण नाही. २०२३ ची विजेती नंदिनी गुप्ता राजस्थानातल्या कोट्याची आणि २०२४ ची निकिता पोरवाल मध्य प्रदेशातल्या उज्जैनची आहे.

नियम दर वर्षी अधिकृत संकेतस्थळावरूनच वाचावेत, कारण ते बदलतात. फेमिना मिस इंडियाने २०२० मध्ये किमान उंचीची अट ५ फूट ५ इंचांवरून ५ फूट ३ इंचांवर आणली आणि मिस युनिव्हर्सने २०२४ पासून वयाची वरची मर्यादा काढून टाकली. उंची घरी मोजताना अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून मोजावी. ऑडिशनलाही ती चप्पल काढूनच मोजतात आणि अर्जात वाढवून लिहिलेला अर्धा इंच पहिल्याच टेबलावर उघडा पडतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो स्वतःच्या परिचयाला. सांगली म्हटले, की हळद, द्राक्षे आणि १८४३ च्या ‘सीता स्वयंवरा’मुळे मिळालेले नाट्यपंढरीचे बिरुद, अशी जंत्री प्रत्येक मुलगी म्हणून दाखवते आणि ऐकणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी काहीच उरत नाही. भाचीचा पहिला मसुदा असाच होता. तो फाडून तिने २०१९ च्या महापुराचे लिहिले: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तिच्या आजीने माळ्यावर बसून दर तासाला जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्या मोजल्या आणि पाणी ओसरल्यावर घरच्यांनी शाळेची पुस्तके दोरीवर चिमटे लावून वाळवली. एवढ्यावरून परीक्षकाला प्रश्न विचारायला जागा मिळते. मिस वर्ल्डमध्ये १९७२ पासून ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हा समाजकार्याचा विभाग आहे. त्यासाठीही उसने काम शोधण्यापेक्षा अशा अनुभवातून निघालेले काम निवडावे, म्हणजे उलटतपासणीत गडबडायला होत नाही.

इंग्रजीचा बाऊ करू नये. मिस युनिव्हर्सच्या मंचावरही दुभाष्या घेता येतो. तरीही रोज मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून तिच्यावर तीस सेकंदांत, घड्याळ लावून, इंग्रजीत आणि हिंदीत बोलण्याचा सराव केल्यास ऑडिशनच्या खोलीत त्रेधा उडत नाही. पाठ केलेले उत्तर परीक्षकांना लगेच कळते, कारण ते देताना नजर वर छताकडे जाते.

चालण्याच्या सरावासाठी गच्ची पुरेशी आहे. फरशीच्या सांध्याची सरळ रेघ धरावी, आधी दोन इंची आणि पाय स्थिरावल्यावर चार इंची हील्स घालाव्यात आणि मोबाइल कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करावे. वरून घेतलेल्या चित्रणात पोक दिसत नाही.

कपड्यांसाठी कर्ज काढू नये. १९९४ साली मिस इंडिया झालेल्या सुष्मिता सेन यांचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरातून आणलेल्या कापडाचा होता आणि तो गल्लीतल्या शिंप्याने शिवला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. आपल्या शिंप्याला मात्र ऑडिशनला घालायच्या हील्स पायात घालूनच माप द्यावे, अन्यथा घेर घोट्याच्या वर लटकतो.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरल्यावर थेट रांगेत उभे राहण्याचा मोह टाळावा. रात्रभराच्या प्रवासाने डोळे आणि पावले सुजतात, आणि नव्या हील्समध्ये सुजलेले पाऊल शिरता शिरत नाही. एक दिवस आधी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा. जन्मदाखला व रहिवासी दाखला यांच्या प्रती, सुईदोरा आणि डझनभर सेफ्टी पिना अंगाबरोबरच्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे.