मे अखेरचं ऊन: सोलांना किती, शाळेच्या सामानाला किती

गोव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात. वळवाच्या सरी मात्र मे संपायच्या आधीच येऊ लागतात. म्हणजे 20 मेनंतर हातात कडक उन्हाचे दिवस मोजकेच, आणि पाऊस लागला की जाड कपडा दोन-दोन दिवस ओलाच राहतो. हे ऊन आधी सोलांना, म्हणजे वाळवलेल्या कोकमांना (आमसुलांना) द्या. त्यांना सात-आठ दिवस सलग लागतात, दप्तर-बुटांना एक दिवस पुरतो. शिवाय सुट्टीला कंटाळलेल्या मुलांच्या हाताला यासारखं दुसरं काम नाही.

दोन किलो पिकलेली, गडद लाल भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं घ्या. धुऊन फडक्याने अगदी कोरडी करा. पाण्याचा थेंब राहिला की पुढे बुरशी धरते. फळं मोठ्यांनी चिरावीत, बिया आणि गर काढायचं काम मुलांना द्यावं. अंगात जुनाच कपडा हवा, हा डाग निघत नाही. गरात पाव किलो जाडं मीठ मिसळून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस त्याला खातो. सालं पहिला दिवस नुसती सुपात वाळवा. संध्याकाळी ती सुटलेल्या रसात बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असे चार-पाच पूट द्या. शेवटचे दोन दिवस रस न लावता वाळवा. साल चामड्यासारखं वाकलं आणि बोटाला चिकटलं नाही की झालं. उरलेला रस गाळून बाटलीत भरा, ते आगळ.

मुलांनी सुपं सकाळी नऊच्या आत मांडावीत आणि चारनंतर उचलावीत. दुपारी त्यांना अंगणात पाठवू नका. मध्येच सर आली तर सोलं पंख्याखाली पसरा आणि त्या रात्रीचा पूट चुकवू नका, मीठच त्यांना सांभाळतं. वर पांढरी खर दिसली तर ते मीठ. कापसासारखं लवदार काही दिसलं तर ती बुरशी, तेवढी सोलं टाकून द्या.

उन्हातून काढलेली कुठलीही वस्तू गरम असताना बंद करायची नाही. गरम सोलं बरणीत घातली की झाकणाला आतून वाफ धरते आणि तेच पाणी खाली गळतं. गणवेशाचंही तसंच. ऊन दिलेले कपडे तासभर घरात निवू द्या, मगच कपाटात ठेवा. पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास पुष्कळदा याच घाईतून येतो.

गणवेशाचे तीन जोड हवेतच: एक अंगात, एक वाळत, एक कपाटात. गेल्या वर्षीचे आत्ताच घालून बघा, शिवण उसवून लांबी वाढवायची तर शिंप्याकडे गर्दी व्हायच्या आत. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. पावसात सँडल चालतात का ते शाळेत विचारून घ्या. चालत असतील तर सँडलच बऱ्या, कारण भिजलेल्या बुटात कागदाचे बोळे कोंबून दोन तासांनी बदलले तरी सकाळपर्यंत तो सुकेलच असं नाही.

रेनकोट उलटा करून शिवणींवर तांब्याभर पाणी ओता. गळतो तिथे खडूने खूण करा. प्लास्टिकचा रेनकोट कडक उन्हात घालू नका, तडकतो, सावलीत टांगा.

पुस्तकांच्या लेबलांवर नाव बॉलपेनने लिहा, शाईचं पसरतं. वरून मेणबत्ती घासली की पाणी घसरून जातं. हे काम मुलं आवडीने करतात.

झोपेचा मेळ मात्र एका दिवसात बसत नाही. शाळेच्या दहा दिवस आधीपासून दर दोन दिवसांनी निजायची आणि उठायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. सुपं मांडायला मुलं सकाळी लवकर उठतच असतील, तर निम्मं काम झालेलंच आहे.