दारव्ह्याहून अँबी व्हॅली: ड्रॅगसाठी गाडी चालवत नेताना टायर आणि सामानाचं मी काय करतो

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावापासून लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची धावपट्टी साधारण सहाशे किलोमीटर. तिथं ड्रॅग रेस असते, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्टीवर कमीत कमी वेळात पळायची शर्यत, आणि तिथं जाऊन पळायचं किती तर 402 मीटर, म्हणजे पाव मैल. पहिल्यांदा निघालो तेव्हा बाबा अंगणात उभे राहून म्हणाले, "आपल्या वावराचा धुरा बी तेवढाच लांब हाय ना रे, तेवढ्यासाठी पुन्याच्या तिकडे कायले जातं?" मी सांगितलं की तिथं सुटायच्या इशाऱ्याचे दिवे लागतात, टाइम मोजतात, बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते आणि समोरून बैलगाडी येत नाही. रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे हे तर आहेच, पण आमच्या डांबरी रस्त्यावर कापसाच्या गाड्या, शाळेतली पोरं, ढोरं, सगळंच असतं, तिथं गाडी ताणायचा विचारही करू नका ही माझी पहिलीच विनंती.

आपल्या भागातून आता बरीच पोरं विचारतात म्हणून लिहितोय. ज्याच्याकडे ट्रेलर नाही, टो करायला दुसरी गाडी नाही, जी गाडी पळवायची तीच चालवत न्यायची आणि तिच्यातूनच घरी यायचं, त्याच्यासाठी हे आहे. माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड, इंजिनला हात लावलेला नाही. टाइम सतरा सेकंदांच्या आसपास येतो, तो काही फार भारी नाही, पण टाइमपेक्षा मला टायरबद्दल जास्त सांगायचंय, कारण मी शिकलो ते तिथंच, तेही नुकसान करून.

पहिल्या खेपेला माझ्याकडे वेगळे टायर नव्हते, रोजचे 185/60 आर 15 मापाचे तेच. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, स्टार्टला पुढचे टायर नुसते फिरायचे, म्हणून व्हिडिओत पाहिलं तसं पुढची हवा 32 पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) 20 वर आणली. फरक पडला, टाइम सुधारला, आणि त्या आनंदात संध्याकाळी सामान भरलं, घाट उतरलो, लोणावळा, पुणे, वाघोली, शिक्रापूर, असं करत रांजणगावच्या पुढे जेवायला थांबलो. स्टेअरिंग जड वाटत होतं पण मला वाटलं मीच थकलोय. गाडीतून उतरून सहज टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, हात ठेवला तर ठेववला नाही इतका गरम. हवा 20 चीच राहिली होती. जवळच्या पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवून आडवा केला तर आतून काळी भुकटी सांडली, चहापत्तीसारखी बारीक. बोटाने त्याने आतली गोल घासलेली रेघ दाखवली, आणि म्हणाला आता हे दोन्ही भरोशाचे नाहीत. बाहेरून पाहाल तर टायर एकदम चांगले दिसत होते. पुढं रात्रीचा समृद्धी होता, शेजारी मावसभाऊ झोपलेला होता. दोन्ही नवे टायर घेतले आणि मगच निघालो.

कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-सुटते, त्यातून उष्णता तयार होते, ती रबर आणि आतले धागे खाते. चारशे मीटरमध्ये काही होत नाही, शंभर किलोमीटरमध्ये होतं. म्हणून आता स्ट्रिपवर, म्हणजे धावपट्टीवर, हवा कमी केली की मी स्टेअरिंगला लाल चिंधी बांधतो, हवा परत भरून गेजवर पाहिल्याशिवाय ती सोडत नाही.

दुसऱ्या वर्षी पुण्याहून जुनी सेमी-स्लिक जोडी घेतली, म्हणजे मऊ रबराचे, कमी खाचांचे, जास्त पकडीचे टायर, 195/50 आर 15, दोनच, कारण ओढणारी चाकं दोनच. हा टायर मूळच्या टायरपेक्षा उंचीला लहान आहे, हिशोब केला तर 603 मिलीमीटरच्या जागी 576, म्हणजे गिअर साडेचार टक्के आखूड पडतात, ओढ वाढते, जे स्टार्टला चांगलंच आहे. पण गाडी तेरा-चौदा मिलीमीटर खाली बसते आणि आमच्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत. शिवाय सेमी-स्लिकला खाचा कमी, अवकाळी पाऊस आला की पाणी बाहेर काढायला जागा नाही, रबर मऊ असल्याने लांबच्या रस्त्यावर झिजतो, आणि गावच्या रस्त्यावर बाभळीचा काटा असा घुसतो की तो आतच मोडतो आणि हवा रात्रभर हळूहळू जाते. त्यामुळे ते टायर चढवून घरून निघू नका. ते गाडीत ठेवून न्या, तिथं पोचल्यावर चढवा, पळून झाल्यावर उतरवा. एवढा त्रास कोण घेतो असं बरेच जण म्हणतात, मी घेतो.

आता चाक बदलताना एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. फोक्सवॅगनमध्ये स्टडवर नट नसतात, बोल्ट असतात, म्हणजे चाक हातात तोलून धरून भोक जुळवावं लागतं. अलॉय आणि टायर मिळून पंधरा-सोळा किलो होतात, उन्हात चार वेळा हे केलं की पाठ धरते. मी एक जुना बोल्ट लेथवाल्याकडे नेऊन त्याचं डोकं कापून घेतलं, मागं स्क्रू ड्रायव्हरची खाच पाडली. तो आधी हबमध्ये फिरवायचा, त्यावर चाक अडकवायचं, बाकीचे चार लावायचे, मग तो काढून पाचवा लावायचा. आटे एम 14 बाय 1.5 आहेत, तुमच्या गाडीचे बघून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोल्टची बैठक, म्हणजे बोल्टचा चाकाला टेकणारा भाग. कंपनीच्या अलॉयचे बोल्ट गोल बैठकीचे असतात, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूसारखे लागतात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, फिरवले तर फिरतातही, पण चुकीची बैठक म्हणजे बोल्ट फक्त कडेला टेकतो आणि पुढं जाऊन ढिला होतो. माझी सेमी-स्लिक बाहेरच्या अलॉयवर आहेत म्हणून माझ्याकडे दोन डबे आहेत, एकावर पांढरा रंग एकावर लाल. स्टेपनी कंपनीची आहे, तिला गोल बैठकीचेच लागतात, म्हणजे शंकूचे लावून निघालात आणि गोल घरी राहिले तर रस्त्यात स्टेपनी असून उपयोग नाही. लॉकिंग बोल्ट असेल तर त्याची चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, सामानात नको. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं तेव्हा ते हबवर नेमकं बसवायला 57.1 मिलीमीटरची रिंगही लागते, नाहीतर शंभरच्या वर स्टेअरिंग थरथरतं.

बोल्ट आवळायला टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, घ्या, उसना आणा पण आणा. पोलोला 120 न्यूटन मीटर, 17 चा सॉकेट. पायाने उभं राहून दाबायची आपल्याकडची पद्धत सोडा, त्याने आटे जातात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून मग चाक बसवा आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा. मी परतीला पुण्याच्या बाहेर पडलो की थांबतो, पाच मिनिटांचं काम.

जॅक लावताना खाली प्लायवूडचा तुकडा, कारण उन्हात डांबर मऊ पडतं आणि जॅकचा पाय रुततो. आधी बोल्ट थोडे ढिले करायचे मग गाडी उचलायची, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर. पाचर म्हणून मी बाभळीचे दोन ठोकळे तासून घेतलेत, ते इतके टिकले की नवे घ्यायची गरजच पडली नाही.

सामान भरायचं कसं तर मागची सीट पाडून दोन्ही चाकं आडवी, खाली जुनी गोधडी, वर रॅचेट पट्टा, आणि पट्टा गाडीच्या लोखंडी कडीतूनच घ्यायचा, सीटबेल्टमधून नाही. सोळा किलोचं चाक 100 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत मोकळं असेल आणि जोरात ब्रेक लागला तर ते तुमच्या मानेवर येतं. जॅक, पाना, कॉम्प्रेसर चाकाच्या मधल्या पोकळीत बसतात. ताडपत्री सगळ्यात वर, कारण पोचल्यावर पहिली तीच लागते. पळायच्या आधी गाडीतून सगळं बाहेर काढावं लागतं, पाण्याची बाटली, मॅट, स्टेपनीसुद्धा, ब्रेकच्या पेडलखाली बाटली सरकली तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बॅटरी घट्ट बांधलेली, कुठून तेल गळत नाही, हे तपासणीत बघतात, हेल्मेट कोणत्या दर्जाचं चालतं ते आयोजकांना आधीच विचारा.

ताडपत्रीवर सामानाजवळ बसायला एक माणूस हवाच. आमच्याकडे मावसभाऊ असतो, त्याला मी गेज आणि वही दिलेली आहे. वहीत प्रत्येक रनचं प्रेशर, कुठल्या बाजूला ऊन होतं आणि टाइम. ऊन का, तर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात त्या जागेत, उभ्या गाडीचा उन्हाकडचा टायर दुसऱ्यापेक्षा दीड-दोन पीएसआय वर जातो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतं असं धरा. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांवर ओलं नसलेलं बारदान टाकतो. सेमी-स्लिक असेल तर 24 पासून सुरू करतो, एका वेळी दोनच कमी करतो, रननंतर मिळणाऱ्या टाइमच्या स्लिपवर पहिल्या 60 फुटांचा टाइम दिला असेल तर तोच बघतो, टायरचं काम तिथंच कळतं. टायर आणि रिमवर खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवा, रननंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर सरकला, हवा फार कमी आहे. मागचे टायर उलट थोडे जास्त हवेचे, म्हणजे लोळायला सोपे. आणि कुठे लाइनच्या आधी बर्नआउटसाठी, म्हणजे टायर जागेवर फिरवून तापवायला, पाणी टाकलेलं दिसलं तर रोजच्या टायरने त्यातून जाऊ नका, बाजूने जा, खाचांतून पाणी थेट स्टार्ट लाइनवर येतं आणि तुम्हीच घसरता.

हवा भरायला 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो, इंजिन चालू ठेवून वापरा, दोन टायर झाले की त्याला थंड होऊ द्या. गेज कायम आपलाच. पंपावरचा, आपला आणि मित्राचा, तिघांत तीन आकडे येतात, एकच वापरला तर निदान फरक तरी खरा कळतो.

जायच्या रस्त्याचं सांगतो. आम्ही कारंजा लाडला समृद्धीवर चढतो, संभाजीनगरला उतरतो, पुढं अहिल्यानगर, पुणे. समृद्धी सिमेंटचा आहे, वेगाची मर्यादा गाड्यांना 120, सरळ रस्ता आणि तासन् तास तोच वेग, टायर तापतोच. निघायच्या सकाळी टायर थंड असताना, पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो स्टिकर असतो त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा भरा, मागं दोन चाकांचं वजन आहे हे विसरू नका. मध्ये थांबून बघितलं तर तीन-चार पीएसआय वाढलेलं दिसेल, ते तसंच राहू द्या, गरम टायरची हवा काढायची नाही. टायरवर चार आकडी तारीख असते, 3521 म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा, ती बघा, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अंगणात उभ्या गाडीचं रबर खाचा असूनही तडकतं. काटा मधोमध असेल तर पंक्चर निघतं, बाजूच्या भिंतीत असेल तर तो टायर बदलायचा, घासाघीस नको.

परतीला रात्री निघू नका. दिवसभर ऊन, धावपळ, दिव्यांची वाट बघून डोकं ताणलेलं, आणि मग सहाशे किलोमीटर. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटली आणि 25 माणसं गेली, त्यात आपल्याच भागातली बरीच होती. त्या ठिकाणावरून जाताना मावसभाऊ आणि मी दोघंही बोलत नाही. आम्ही पुण्यात आत्याकडे मुक्काम करतो, सकाळी थंड टायरवर हवा बघून निघतो.

विम्याचं पण आधीच माहीत असू द्या, आपल्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित रेस आणि वेगाची चाचणी बाहेर ठेवलेली असते, म्हणजे स्ट्रिपवर काही झालं तर खर्च आपल्या खिशातून. घरी हे सांगून जा.

घरी आल्यावर सेमी-स्लिकमधले खडे एकेक काढतो, मऊ रबरात ते चिकटून बसतात. मग नुसत्या पाण्याने धुऊन, पुसून, काळ्या पिशवीत घालून, कापसाच्या खोलीत माळ्यावर आडवे ठेवतो, वेल्डिंग मशीन आणि मोटरपासून लांब, कारण तिथल्या ठिणगीतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. पिशवीवर खडूने किती रन झाले ते लिहितो. आत्ता माझ्या जोडीवर अकरा लिहिलेत, आणि परवा माळ्यावर चढलो तेव्हा बाबांनी खालून विचारलं, "यंदा कधी जातं मग?"