अमेरिकेतील पहिल्या सत्राचे विषय नागपुरात बसून कसे निवडावेत

बारावीनंतर इथेच इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलाची शाखा कॅपच्या फेरीतच ठरून जाते. अमेरिकेत पदवीसाठी निघालेल्या विद्यार्थ्याला मात्र बहुतेक विद्यापीठांत आपला मुख्य विषय, म्हणजे मेजर, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करण्याची मुभा असते. ही मुभा सरसकट नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कॉम्प्युटर सायन्स, अभियांत्रिकी आणि नर्सिंग या विषयांच्या जागा अनेक विद्यापीठांत मर्यादित असतात आणि दुसऱ्या विभागातून तिथे नंतर शिरणे कठीण जाते. म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच आपल्याला नेमक्या कोणत्या विभागात घेतले आहे आणि अंतर्गत बदलासाठी कोणत्या विषयांत किती ग्रेड लागते, हे त्या विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावे. ‘एकदा आत तर जाऊ, मग बदलून घेऊ’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्याची जबाबदारी घेणारा कुणी भेटत नाही.

विषयांची निवड शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. ज्या दोन-तीन मेजरांचा विचार मनात आहे, त्यांचा चार वर्षांचा नमुना आराखडा बहुतेक विभाग उपलब्ध करून देतात. तो समोर ठेवून कोणत्या विषयाआधी कोणता विषय पूर्ण झालेला असावा लागतो, ही साखळी कागदावर उतरवावी. मेकॅनिकल अभियांत्रिकीत कॅल्क्युलसचे टप्पे, त्यांवर अवलंबून असलेले भौतिकशास्त्र आणि पुढे डिफरेन्शियल इक्वेशन्स असा क्रम असतो. त्यातला पहिला दुवा पहिल्याच सत्रात निसटला आणि पुढचा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर एका सत्राची दिरंगाई वर्षभराची होते. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांना बहुधा प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करावी लागते, आणि ते वेळापत्रकात आधीच धरलेले बरे.

गणित घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. राज्य मंडळाच्या बारावीत डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन दोन्ही शिकवले जातात, तरी त्याबद्दल अनेक विद्यापीठे श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट्स, देत नाहीत. पायरी ठरते ती प्लेसमेंट परीक्षेने, म्हणजे कोणत्या पातळीपासून सुरुवात करायची हे ठरवणाऱ्या चाचणीने. परीक्षेने थेट कॅल्क्युलस दोनमध्ये बसवले, तर त्या विद्यापीठाची कॅल्क्युलस एकची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळवून शिकवणीच्या नोट्सशिवाय सोडवून पाहावी. ती नीट सुटली तरच पुढची पायरी घ्यावी.

पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात, म्हणजे आठ सत्रांत सरासरी १५. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला नियमित सत्रात किमान १२ श्रेयांक घ्यावेच लागतात, आणि पूर्णपणे ऑनलाइन असलेला एकच विषय, फार तर ३ श्रेयांकांचा, त्यात मोजला जातो. नेमके १२ घेतले तर एखादा विषय सोडायची सोयच उरत नाही. १८ घेण्यात पहिल्या सत्रापुरते तरी शहाणपण नाही. गणिताचा एक, संभाव्य मेजरचा एक, लेखनाचा एक आणि सर्वसाधारण शिक्षणाच्या अटीतला (मेजरबाहेरच्या विविध शाखांतून घ्याव्या लागणाऱ्या विषयांपैकी) एक-दोन, अशी १४-१५ श्रेयांकांची मांडणी पेलते. सर्वसाधारण शिक्षणाचे विषय उरकून टाकायचे म्हणून निवडू नयेत. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राचा प्रास्ताविक विषय बऱ्याच ठिकाणी ही अटही भागवतो आणि एकाहून अधिक मेजरांतही चालतो.

आपल्याकडे मेजरची चर्चा ‘स्कोप’ या एका शब्दावर येऊन थांबते. त्याऐवजी मेजरचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेतील अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातला क्रमांक, पाहावा. तो आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रावरही छापलेला असतो. पदवीनंतर ओपीटीखाली, म्हणजे शिकलेल्या विषयातील कामाच्या परवानगीखाली, १२ महिने काम करता येते, आणि कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिन्यांच्या मुदतवाढीसाठी अर्ज करता येतो. सामान्य अर्थशास्त्राचा ४५.०६०१ हा कोड त्या यादीत नाही, इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ मात्र आहे. एकाच नावाची पदवी दोन विद्यापीठांत वेगळ्या कोडखाली असू शकते. न आवडणारा विषय केवळ कोडसाठी घेऊ नये. परंतु दोन विषय सारखेच आवडत असतील, तर निर्णय कोडवर सोडायला हरकत नाही.

नोंदणी बहुधा उन्हाळ्यातच, निघण्यापूर्वी होते. शिकागोची सकाळी आठची वेळ त्या दिवसांत नागपुरात संध्याकाळी साडेसहाची असते. लसीकरणाच्या नोंदी अपुऱ्या असल्या तर अनेक विद्यापीठे नोंदणी अडवतात, त्यामुळे गोवर, गालगुंड व रुबेलाच्या दोन मात्रांचा इंग्रजी दाखला आपल्या डॉक्टरांकडून आधीच घ्यावा. हव्या त्या वर्गाच्या जागा भरलेल्या आढळतील, म्हणून प्रत्येक विषयाला एक पर्याय लिहून ठेवावा आणि प्रतीक्षायादीतही नाव घालावे. सत्र सुरू झाल्यावर ठरावीक मुदतीत विषय बदलता येतो. त्यानंतर सोडलेल्या विषयापुढे गुणपत्रकावर सहसा ‘डब्ल्यू’ लागतो. मात्र विषय सोडल्याने बेरीज १२ च्या खाली जाणार असेल, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओंची, म्हणजे व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची, परवानगी आधी घ्यावी, कारण ती न घेता विषय सोडल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.