नव्या कादंबरीचा ब्लॉगदौरा: तारखा लावण्यापासून पोच घेण्यापर्यंत

मराठीत कादंबरी प्रसिद्ध झाली की तिच्या प्रती ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मारून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांकडे आणि नियतकालिकांकडे रवाना होतात, आणि त्यांपैकी बहुतेकींच्या वाट्याला काही महिन्यांनी ‘साभार पोच’ या सदरातली एक ओळ येते: नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य. पुरवण्यांची पाने कमी झाली आहेत आणि पुस्तके वाढली आहेत, त्यामुळे यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. ब्लॉगदौरा हा त्या एका ओळीला असलेला बऱ्यापैकी स्वस्त पर्याय आहे. ठरवलेल्या दहा-पंधरा दिवसांत, ठरवलेल्या क्रमाने, वेगवेगळ्या ब्लॉगांवर आणि वाचनाविषयीच्या वाहिन्यांवर एकाच कादंबरीबद्दल दररोज काहीतरी नवे यावे, अशी ही योजना असते. खर्च होतो तो प्रतींचा, टपालाचा आणि मुख्यतः लेखकाच्या वेळेचा.

‘दौरा’ हा शब्द आपल्याकडे नाटकवाल्यांचा, आणि कामाचे स्वरूपही तेच आहे: आधी तारखा लावायच्या, मग सामान बांधायचे. फरक एवढाच की नाटक प्रत्येक गावी तेच करायचे असते आणि येथे प्रत्येक मुक्कामी वेगळे द्यायचे असते. एकच निवेदन दहा ठिकाणी चिकटवले, तर तिसऱ्या दिवशी वाचक ते न उघडता पुढे जातो, कारण या दहा ठिकाणचे वाचक बऱ्याच अंशी तेच असतात. पुढचे सगळे नियोजन या एका गोष्टीभोवती फिरते.

बोलणे नेमके व्हावे म्हणून एक कादंबरी कल्पू. ती बीड जिल्ह्यातून कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या एका टोळीवर आहे, तीनशे पृष्ठांची आहे, आणि लेखिकेची ही पहिलीच कादंबरी आहे. प्रकाशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तारीख विषयाला साजेशी आहे, कारण दसरा-दिवाळीनंतर टोळ्या गाव सोडतात आणि डिसेंबरात गाळप हंगाम जोरात असल्याने उसाची चर्चा वर्तमानपत्रांत चालू असते. शिवाय दिवाळी अंकांची गर्दी तोवर ओसरलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कादंबरीचा दौरा काढणे म्हणजे जत्रेत कुजबुजणे होय. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचकाचे ते दिवस अंकांसाठीच राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारीअखेरीस येणारा मराठी भाषा गौरव दिन मोहक वाटतो, परंतु २७ तारखेला सगळेच जण भाषेवर लिहीत असतात आणि मार्च लागताच घराघरांत परीक्षा सुरू होतात.

डिसेंबरातल्या दौऱ्याची तयारी सप्टेंबरात, म्हणजे सुमारे बारा आठवडे आधी सुरू करावी. प्रकाशक पितृपक्षात प्रकाशन करणार नाहीत, पण पत्रे पाठवायला पितृपक्ष आडवा येत नाही. उलट घटस्थापनेच्या आत पाठवलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता अधिक असते, कारण पुढे दिवाळी संपेपर्यंत लोक सणात आणि फराळात असतात. दिवाळी संपताच प्रती रवाना कराव्यात. तीनशे पृष्ठे वाचून त्यावर विचारपूर्वक लिहायला, नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला निदान चार आठवडे लागतात, आणि आपले बहुतेक यजमान, म्हणजे दौऱ्याला आपल्या ब्लॉगवर जागा देणारे लोक, नोकरी सांभाळूनच लिहिणारे असतात.

आता यजमान निवडण्याविषयी. येथे लेखक सर्वांत जास्त चुकतात, कारण ते अनुयायांची संख्या पाहतात. संख्या पाहण्याआधी त्या ब्लॉगवरचे शेवटचे पाच लेख वाचावेत आणि तीन गोष्टी तपासाव्यात: शेवटचा लेख गेल्या दोन महिन्यांतला आहे का, कादंबरीवर पूर्वी लिहिलेले आहे का, आणि लेखाखाली वाचक खरोखर काही बोलतात की नुसते ‘छान’ म्हणून जातात. पन्नास हजार अनुयायी असलेल्या पाककृतींच्या वाहिनीपेक्षा, ज्यावर दर लेखाखाली आठ-दहा जण वाद घालतात असा छोटा ब्लॉग कादंबरीला अधिक उपयोगी पडतो.

ब्लॉग हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा. मराठीत पुस्तकांवर नियमित लिहिणारे निखळ ब्लॉग मोजके आहेत. बाकीचे लेखन फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, यूट्यूब वाहिन्यांवर आणि पॉडकास्टमध्ये विखुरलेले आहे. ‘मायबोली’सारखे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे आणि तेथे परदेशस्थ मराठी वाचक मोठ्या प्रमाणात आहेत. मात्र अशा ठिकाणी कालपरवा खाते उघडून आज पुस्तकाची जाहिरात टाकणारा लेखक तत्काळ ओळखू येतो. तेथील नियम आधी वाचावेत, आणि शक्य असल्यास काही महिने आधीपासून इतरांच्या लेखनावर मनापासून अभिप्राय द्यावेत.

दहा मुक्कामांपैकी तीन-चार तरी साहित्याच्या वर्तुळाबाहेरचे असावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपल्या कादंबरीसाठी शेतीवर लिहिणारे ब्लॉगर आहेत, स्त्रियांच्या आरोग्यावर आणि श्रमावर बोलणारे पॉडकास्ट आहेत, बोलीभाषांचे शब्द जमवणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्या वाचकांना ‘नवी कादंबरी आली’ यात रस नसतो. ‘कोयता’ म्हणजे काय, यात असतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीसुद्धा. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीला मिळून, आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. या एका शब्दावर लेखिकेने आठशे शब्द लिहिले, तर शब्द जमवणाऱ्याच्या ब्लॉगवर ते आनंदाने छापले जातील आणि वाचकाला शेवटी कादंबरीचे नाव कळेल. त्याचप्रमाणे कोपीतल्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीतल्या, पहाटेच्या स्वयंपाकावर, फडात मोळी बांधण्याच्या पद्धतीवर किंवा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येणाऱ्या चार पैशांवर वेगवेगळे लेख होऊ शकतात. कादंबरीसाठी जमवलेली जी माहिती कादंबरीत मावली नाही, ती दौऱ्याची खरी शिदोरी असते.

निवड झाल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे. एकाच पत्रात सगळ्यांचे पत्ते घालून पाठवलेले निमंत्रण बहुधा न वाचताच काढून टाकले जाते. पत्र आठ-दहा ओळींचे पुरते आणि त्याचा मसुदा साधारण असा असावा:

‘सप्रेम नमस्कार. बोलीतील शेतीविषयक शब्दांवरील आपली लेखमाला मी पहिल्यापासून वाचत आले आहे. त्यातील मोटेच्या भागांची नावे मी माझ्या वडिलांकडून पडताळून घेतली. ऊसतोड कामगारांच्या एका टोळीवरील माझी पहिली कादंबरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध होत आहे. त्यानिमित्त ७ ते २१ डिसेंबर या काळात दहा ब्लॉगांवर तिच्याविषयी लेखन यावे, अशी योजना आहे. ऊसतोडीतील शब्दांवर सुमारे आठशे शब्दांचा, अन्यत्र अप्रकाशित लेख मी आपल्यासाठी लिहू इच्छिते. आपणास सोयीचे असल्यास १२ किंवा १३ डिसेंबर ही तारीख चालेल का? कादंबरीची प्रत आपणास हवी असल्यास अवश्य पाठवीन. तिच्यावर लिहिण्याचे बंधन अर्थातच नाही.’

या पत्रात वाचल्याचा पुरावा आहे, नेमकी मागणी आहे, दोन तारखांचा पर्याय आहे आणि नकार द्यायला वाट आहे. दहा मुक्काम हवे असतील, तर वीस-पंचवीस पत्रे पाठवण्याची तयारी ठेवावी. उत्तर न आल्यास दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी. दुसऱ्यांदा करू नये.

होकार आले की तारखा लावायच्या. दहा मुक्कामांत चार परीक्षणे, दोन मुलाखती, तीन पाहुणे लेख आणि एक उतारा, ही वाटणी मला समतोल वाटते. सर्वाधिक वाचकांचा यजमान पहिल्या दिवशी आणि त्याच्या खालोखालचा आठव्या-नवव्या दिवशी ठेवावा, कारण दौरा तेथेच ढेपाळतो. लागोपाठ दोन परीक्षणे ठेवू नयेत, आणि दर तीन-चार दिवसांनी एक तारीख मोकळी सोडावी. कोणाचे मूल आजारी पडते, कोणाची वीज जाते. ती मोकळी तारीख तेव्हा कामाला येते.

मुलाखतींत एक अडचण हमखास येते. दोन्ही मुलाखतकार ‘लेखनाची प्रेरणा कशी मिळाली?’ हेच विचारतात. दोघांना आधीच विषय वाटून द्यावा, एकाशी भाषेबद्दल आणि दुसऱ्याशी फडावरच्या मुक्कामाबद्दल बोलावे, आणि प्रेरणेचा प्रश्न कोणीतरी एकानेच विचारावा. मुलाखत थेट प्रक्षेपित होणार असेल, तर परदेशातल्या वाचकांचे घड्याळ पाहावे. डिसेंबरात भारतातले रात्रीचे ९ म्हणजे लंडनमध्ये दुपारचे ३.३०, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १०.३० आणि कॅलिफोर्नियात सकाळचे ७.३०, रविवार असेल तर हे सगळ्यांना परवडते. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे असतात, हे लक्षात ठेवून त्या दिवसांत वेळ नव्याने काढावी.

यजमानांना पाठवायच्या सामानात मुखपृष्ठाचे स्वच्छ चित्र, मुखपृष्ठकाराचे नाव, लेखिकेचे छायाचित्र, शंभर शब्दांचा परिचय, कादंबरीचा दीडशे शब्दांचा गोषवारा, प्रकाशकाचे नाव, पृष्ठसंख्या, किंमत, आयएसबीएन आणि खरेदीचा दुवा हे सगळे एकाच फोल्डरमध्ये असावे. दुवा पाठवण्यापूर्वी तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा.

उताऱ्याबाबत थोडे थांबावे लागेल. आठशे ते हजार शब्दांचा, शक्यतो पहिल्या प्रकरणाबाहेरचा, एखादा प्रसंग पुरा होऊन दुसरा सुरू होण्याच्या बेतात थांबणारा उतारा घ्यावा आणि त्यासाठी प्रकाशकाची लेखी संमती आधी मिळवावी. त्यानंतरचा धोका अक्षरांचा आहे. मराठी पुस्तके आजही पुष्कळदा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांचा सामाईक अक्षरसंकेत न पाळणाऱ्या, फॉन्टमध्ये जुळवली जातात, आणि त्या फाइलमधला मजकूर उचलून संगणकावर अन्यत्र चिकटवला की पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी उमटते. मी हाताळलेल्या एका दौऱ्यात नेमके हेच घडले. उतारा सकाळी ७ वाजता आपोआप प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था होती, यजमान रेल्वेच्या प्रवासात होते, आणि दुपारी ते घरी पोहोचेपर्यंत त्या मुक्कामी आलेल्या प्रत्येक वाचकाने ती खिचडीच वाचली. चूक माझी होती, कारण अक्षरजुळणीकाराने दिलेली फाइल मी उघडून न पाहता पुढे धाडली होती.

तेव्हापासून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर मी तो छापील पानाशेजारी ठेवून ओळीने तपासतो. रूपांतरात सर्वांत आधी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ बिघडतात: ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘बिऱ्हाडा’चे ‘बिर्हाड’ होते. ऊसतोडीच्या कादंबरीत बिऱ्हाड हा शब्द पानोपानी येणार, तेव्हा ही तपासणी टाळून चालणार नाही. अवतरणचिन्हे उलटी होतात, संवादांचे परिच्छेद एकमेकांत मिसळतात, तेही पाहावे.

परीक्षणाच्या प्रतींबाबत एक पथ्य जाहिरातींच्या आचारसंहितेच्या अंगाने पाळावे लागते. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार विनामूल्य मिळालेली वस्तूही लेखक आणि शिफारस करणारा यांच्यातला संबंध मानली जाते आणि तो संबंध वाचकाला सांगावा लागतो. ‘ही प्रत लेखिकेकडून भेट मिळाली’ हे एक वाक्य लेखाच्या सुरुवातीला असावे, अशी विनंती यजमानांना स्वतःहून करावी. अ‍ॅमेझॉनवर मात्र नातलगांना आणि मित्रांना तारे द्यायला सांगू नये. त्यांच्या नियमांत ते बसत नाही. पुस्तकाची प्रत फुकट देता येते, पण तिच्या बदल्यात अभिप्राय मागता येत नाही.

परीक्षण प्रसिद्ध होण्याआधी वाचायला मागू नये, हे सांगायला नको. तरी मागितले जाते. चारांपैकी एखादे परीक्षण नाराजीचे येईल. त्याखाली लेखिकेने आभाराच्या दोन ओळींपलीकडे काही लिहू नये आणि मित्रांनाही तेथे धाडू नये. ज्या दौऱ्यात सगळेच खूश आहेत, त्यावर मराठी वाचक विश्वास ठेवत नाही.

प्रत्यक्ष दौऱ्याच्या दिवशी लेखिकेचे काम ठरलेले असते: सकाळी लेख उघडून नजर टाकावी, दुवा आपल्या पानावर यजमानाच्या नावासह द्यावा, दुपारी आणि रात्री वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. आधीच्या मुक्कामाचा उल्लेख पुढच्या मुक्कामी यावा, म्हणजे वाचक मागे जाऊन वाचतो. एखादी स्वाक्षरी केलेली प्रत बक्षीस ठेवायची असेल, तर उत्तर त्या दिवशीच्या लेखातच सापडेल असा प्रश्न विचारावा, आणि टपालखर्च आवाक्यात राहावा म्हणून छापील प्रत फक्त भारतातल्या पत्त्यावर मिळेल, हे आधीच जाहीर करावे.

हिशोबासाठी एक वही पुरते. तारीख, यजमान, लेखाचा प्रकार, प्रत पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा दिवस, लेखाचा दुवा, आलेले प्रश्न आणि खरेदीच्या दुव्यावरून झालेल्या भेटी एवढे रकाने आखावेत. प्रत्येक यजमानाला वेगळा छोटा दुवा दिला, तर शेवटचा रकाना आपोआप भरतो. विक्रीचा आकडा प्रकाशकाकडून महिन्याभराने मागावा, त्याआधी तो फारसे काही सांगत नाही.

दौरा संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक यजमानाला आभाराचे पत्र जावे. आणि त्याच बैठकीत सगळे दहा लेख पीडीएफ करून आपल्याकडे जपून ठेवावेत. ब्लॉग बंद पडतात, संकेतस्थळाचे भाडे भरायचे राहून जाते, आणि वर्षभराने दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठासाठी एखादे वाक्य हवे असते तेव्हा दुवा उघडत नाही. वाक्य घेताना ते लिहिणाऱ्याची परवानगी विचारावी आणि नव्या आवृत्तीची एक प्रत त्याला पाठवावी.